मावशी म्हातारी होती म्हणून पडली का?

मागच्या अंकात अजून उडत असलेल्या जुन्या विमानांबद्दल लिहिलं होतं, त्यात शेवटी स्वित्झर्लंडमधल्या जू-५२ विमानाच्या अपघातावर दोन ओळी होत्या आणि त्यातली एक अशी होती की "शेवटी वयापुढं विमानाचं काही चाललं नाही". ती ओळ मी वाक्य छान जमतंय म्हणून लिहिली, हे आधीच कबूल करून टाकतो. त्यावर इतकी पत्रं नि मेल आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. ड्रोनवाले आणि पायलट लायसनवाले प्रश्न पुढच्या वेळी घेऊ, रागावू नका.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत की वयामुळं विमान पडलं. माझ्या वाचनात आलेला तपासाचा निष्कर्ष वेगळा आहे. तुम्ही रिपोर्ट वाचला होता का? (एक निवृत्त शिक्षक)

गुरुजी, छडी बरोबर बसली. वाचला होता, पण लिहिताना विसरलो म्हणा किंवा सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं म्हणा.

ज्यांनी मागचा अंक बघितला नाही त्यांच्यासाठी आधी घटना सांगतो. ४ ऑगस्ट २०१८, शनिवार, दुपारी पाचच्या सुमारास. तीन इंजिनांचं जू-५२ विमान, नोंदणी एचबी-एचओटी, स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडच्या लोकार्नोहून झुरिकजवळच्या ड्यूबेनडॉर्फला परत निघालेलं. आत १७ प्रवासी आणि ३ कर्मचारी. आदल्या दिवशी जाऊन सहल करून परत यायचं अशी ती ट्रिप होती. वाटेत आल्प्स, आणि आल्प्समध्ये पिझ सेग्नास नावाच्या शिखराच्या पायथ्याशी एक खोलगट दरी. त्या दरीच्या टोकाला सेग्नेस खिंड आहे, उंची २६२७ मीटर. शेजारच्या सुळक्यांमध्ये मार्टिन्सलोख नावाचं आरपार भोक आहे, वर्षातून मोजके दिवस सूर्य बरोब्बर त्या भोकातून पलीकडच्या एल्म गावच्या चर्चवर पडतो, त्यामुळं हौशी लोकांची तिथं वर्दळ असते. विमान या दरीत शिरलं, खिंडीच्या अलीकडंच डावीकडं कललं, कलतच गेलं, आणि गिरकी घेत जवळजवळ सरळ उभं खाली आलं. वीसच्या वीस जण गेले.

विमान १९३९ सालचं. स्विस हवाई दलानं अशी तीन घेतली होती, १९८१ पर्यंत वापरली, आणि मग जुन्या विमानांवर जीव असलेल्या मंडळींनी जू-एअर नावाची संस्था काढून त्यातून लोकांना पैसे घेऊन फिरवायला सुरुवात केली. जर्मन लोक या विमानाला लाडानं टांटे जू म्हणतात. टांटे म्हणजे मावशी, आत्या, काकू, मामी काहीही, त्यांच्याकडं सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे बिचाऱ्यांच्या, मी आपली मावशी निवडतो. पत्र्याला पन्हाळी असलेली, डुगडुगणारी, ताशी १८० किलोमीटरच्या आसपास निवांत जाणारी मावशी. जगात उडण्याच्या अवस्थेत अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती.

आता मुद्दा. स्विस अपघात तपास मंडळाचा अंतिम रिपोर्ट जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यात विमानाची दुरवस्था पानंच्या पानं भरून आहे, ती पुढं सांगतोच, पण अपघाताचं थेट कारण म्हणून लिहिलंय ते असं : पायलटांनी विमान अत्यंत धोकादायक पद्धतीनं चालवलं, कमी उंचीवरून अरुंद दरीत नेलं जिथून दुसरीकडं वळायला वाट नव्हती, आणि त्या मार्गासाठी वेग धोकादायकरीत्या कमी ठेवला. म्हणजे त्या क्षणी इंजिन बंद पडलं नव्हतं, पंख तुटला नव्हता, काही निखळून पडलं नव्हतं. मावशीचं वय ७९ होतं हे खरं, पण तिच्या जागी कोरं विमान त्याच वेगानं त्याच कोपऱ्यात नेलं असतं तर त्याचंही तेच झालं असतं.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिन्ही इंजिनं चालू असताना विमान असं दगडासारखं खाली कसं येतं? वेग कमी म्हणजे नक्की किती कमी?

प्रश्न आवडला. आणि नक्की किती या प्रश्नातच गोम आहे, कारण कमी वेग असा एक ठरलेला आकडा नसतो.

पंख विमान उचलून धरतो तो इंजिनाच्या जोरावर नाही, तर हवेला विशिष्ट कोनात कापत गेल्यामुळं. वेग कमी झाला की तेवढीच उचल मिळवायला नाक वर करून कोन वाढवावा लागतो. एका मर्यादेपलीकडं कोन गेला की पंखावरची हवा सुटते, पंखाला चिकटून वाहतच नाही, आणि उचल एकदम ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात, बातम्यांमध्ये याचं "इंजिन स्टॉल झालं" करून टाकतात ते साफ चूक, इंजिनाचा संबंध नाही. तीनही इंजिनं धडधडत असताना पंख स्टॉल होऊ शकतो.

आता वळण घे. विमान वळतं ते तिरकं होऊन, म्हणजे पंखाची उचल थोडी आडवी खर्च होते, मग वजन पेलायला जास्तीची उचल लागते. ४५ अंश तिरकं केलं तर पंखाला विमान १.४ पट जड वाटतं आणि स्टॉलचा वेग जवळपास १९ टक्के वाढतो. ६० अंशाला वजन दुप्पट, स्टॉलचा वेग ४१ टक्के जास्त. म्हणजे सरळ जाताना जो वेग आरामाचा होता तोच वळणात जीवघेणा होतो, स्पीडचा काटा तिथंच असतो पण त्याचा अर्थ बदललेला असतो.

बरं मग कमी तिरकं करून हळूच वळावं ना? तर दरी तेवढी रुंद पाहिजे. तू वही काढ नि करून बघ, ताशी १७० किलोमीटरला ३० अंश तिरकं करून वळलं तर त्रिज्या साधारण ३९५ मीटर येते, म्हणजे उलटं फिरायला जवळजवळ ८०० मीटर रुंद जागा लागते. ४५ अंशाला ती साडेचारशेवर येते पण मग वर सांगितलेला स्टॉलचा वेग वर चढून बसतो. कात्रीत सापडणं म्हणतात ते हेच.

त्यात उंची अडीच हजार मीटर आणि दिवस उन्हाळ्याचा. २०१८ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला युरोपात उष्णतेची लाट होती. तिथं हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण पाऊण पटच राहते. इंजिनाला हवा कमी, प्रॉपेलरला हवा कमी, पंखाला हवा कमी. वेगाचा काटा जे दाखवतो त्यापेक्षा खरा वेग जास्त असतो त्यामुळं वळण आणखी मोठं होतं. आणि डोंगरात वारा आडवा वाहतच नाही फक्त, उतारावरून वर चढतो, कड्याआड खाली पडतो. वेग आधीच कडेला असताना खालून वाऱ्याचा एक धक्का आला तर पंखाचा कोन तेवढ्यानंच मर्यादेबाहेर जातो. एरवी पोटात गोळा येण्यापलीकडं ज्याचं काही वाटलं नसतं असा धक्का.

यातून बाहेर येता येतं. नाक खाली, वेग घ्यायचा, पंख सरळ, मग सावकाश वर. शिकाऊ पायलट हे पहिल्या काही तासांत शिकतो. पण त्याला खाली उंची लागते. इथं खाली खडक होते.

आणखी एक गोष्ट, तुला परीक्षेला उपयोगी पडेल. विमानाचा गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्याही मागं होता. वजन शेपटीकडं सरकलं की विमान स्वतःहून सावरायचं प्रमाण कमी होतं, नाक खाली यायला कुरकुर करतं, म्हणजे स्टॉलमध्ये जायला सोपं आणि निघायला अवघड. मंडळाला असंही आढळलं की वजनाचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच चुका होत्या. पायलटनं आकडे नीट भरले असते तरी उत्तर चुकीचंच आलं असतं.

प्रश्न : दोन्ही पायलट साठीच्या पुढचे, हवाई दलातले, एअरलाइनमधले. त्यांना हे सगळं माहीत नव्हतं का?

माहीत होतं, आपल्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत होतं, म्हणून तर ही केस मला झोपू देत नाही. एक ६२ वर्षांचा, एक ६३ चा. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात ते काही अगदी खोटं नाही.

डोंगरात उडायचा एक साधा नियम आहे, कुठल्याही माउंटन फ्लाइंगच्या पुस्तकात पहिल्या धड्यात सापडेल. खिंडीकडं जाताना भरपूर उंची आधीच घेऊन ठेवायची, दरीच्या मधोमध जायचं नाही तर एका कडेनं जायचं म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते, आणि कड्याला सरळ नाक लावून न जाता तिरकं जायचं म्हणजे नको वाटलं तर थोडंसं वळून सटकता येतं. थोडक्यात, परतीची वाट कायम हातात ठेवायची. इथं ती ठेवली नव्हती.

का नव्हती? मंडळानं आधीच्या उड्डाणांच्या रडार नोंदी काढून बघितल्या. आणि दिसलं काय, तर हे त्या दिवशीचं खूळ नव्हतं. या पायलटांना मान्यताप्राप्त नियम बाजूला ठेवून मोठी जोखीम घेणं अंगवळणी पडलं होतं. अंगवळणी हाच शब्द मला त्यासाठी योग्य वाटतो. कमी उंचीवरून गेलो, काही झालं नाही. पुढच्या वेळी थोडं आणखी खालून, तेव्हाही काही झालं नाही. प्रवासी खूश, कडे खिडकीतून हात लावता येतील इतके जवळ, टाळ्या. दर वेळी सुखरूप उतरल्यावर माणूस मनात नोंद करतो की हे चालतं. खरं तर नोंद करायला पाहिजे की आज वारा नव्हता.

मी तीस वर्षं विमानांच्या मेन्टेनन्समध्ये काढली, पायलट नाही, त्यामुळं त्यांना शिकवायचा आव आणत नाही. पण हे दुखणं आमच्याकडंही तस्संच आहे. टॉर्क रेंच (नट किती घट्ट बसलाय ते मोजून आवळायचा पाना) हातात असताना "हाताला कळतंय की बसलाय" म्हणणारा मेकॅनिक नवखा कधीच नसतो, तो कायम वीस वर्षं काम केलेला असतो. आणि त्याचं बहुतेक वेळा बरोबरही असतं, तीच तर अडचण.

आणि हवाई दलाचा मुद्दा उलटा पण लागू होतो. फायटर पायलटला दरीतून खालून जायची सवय असते, त्याच्याकडं जोराचं इंजिन असतं, ओढलं की वर. मावशीला ओढलं की मावशी दमते.

प्रश्न : ब्लॅक बॉक्स नव्हता असं वाचलं. मग शेवटच्या मिनिटांचं इतकं बारीक कसं कळलं? उगाच अंदाज तर नाहीत?

ब्लॅक बॉक्स नव्हता, बरोबर. त्या काळच्या विमानात तो असायचा प्रश्नच नाही.

पण जू-५२ ची बैठक कशी असते बघा, मधून वाट आणि दोन्ही बाजूंना एकेक सीट. म्हणजे प्रत्येकाला खिडकी. आणि सहलीचे प्रवासी. सगळ्यांच्या हातात फोन नाहीतर कॅमेरा. खाली डोंगरात फिरायला आलेले लोक, त्यांनीही मान वर करून हे देखणं विमान शूट केलं, तीन इंजिनांचा आवाज आला की कोण नाही बघणार. तपासणाऱ्यांनी ढिगाऱ्यातून निघालेल्या फोन आणि कॅमेऱ्यांतलं जे वाचवता आलं ते वाचवलं, खालच्यांची चित्रणं गोळा केली, रडारच्या नोंदी घेतल्या, आणि फोटोत दिसणाऱ्या शिखरांच्या रेषा प्रत्यक्ष डोंगराशी जुळवून प्रत्येक फोटोच्या क्षणी विमान कुठं होतं, किती उंचीवर, किती तिरकं, हे मांडत नेलं. म्हणजे पंखाचं टोक आणि मागचा कडा एका फ्रेममध्ये आला की त्यातून भूमिती निघते. अंदाज म्हणू नका त्याला.

मला या सगळ्यात गलबलून येतं ते याच गोष्टीनं. ते फोटो कोणी पुरावा म्हणून काढलेले नव्हते.

प्रश्न : आतल्या लोकांना कळलं असेल का? (नाव नको)

शेवटचं वळण सुरू होईपर्यंत बहुधा नाही. डोंगराजवळून जाणं हाच त्या सहलीचा भाग होता. त्यानंतर फार थोडे सेकंद. याहून जास्त लिहीत नाही.

प्रश्न : तुम्ही स्वतः मेन्टेनन्सवाले म्हणून विमानाला क्लीन चिट देताय. गंज आणि तडे सापडले होते हे का लपवता?

लपवत नाही हो, म्हटलं ना पुढं सांगतो. आणि क्लीन चिट तर मुळीच नाही.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मंडळानं अंतरिम रिपोर्ट काढला त्यातच गंज आणि पंखाच्या मुख्य तुळईत तडे असल्याचं आलं होतं, आणि लगेच उरलेली दोन विमानं जमिनीवर बसवली. अंतिम रिपोर्टनं तर सांगितलं की विमान कागदोपत्रीही उड्डाणयोग्य नव्हतं आणि प्रत्यक्षातही. इंजिनं पूर्ण ताकद देत नव्हती. फक्त एवढंच की त्या दिवशी पडायला हे कारण ठरलं नाही. याचा अर्थ कळतोय ना? दरी नसती तर कदाचित आणखी काही वर्षांनी तुळईनं हिशोब केला असता.

जुन्या विमानाचं मेन्टेनन्स म्हणजे काय असतं ते जरा सांगू द्या, आमचा विषय आहे. जू-५२ ची बीएमडब्ल्यू १३२ इंजिनं बनवणं बंद होऊन कित्येक दशकं झाली. कंपनीला फोन लावून पार्ट मागवायची सोय नाही. मग जुना स्टॉक शोधा, दुसऱ्या मेलेल्या इंजिनातून काढा, नाहीतर ड्रॉइंग बघून नवीन बनवून घ्या, आणि नवीन बनवलेला पार्ट मूळच्याइतकाच दमदार आहे हे सिद्ध कोण करणार? अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा गंज लोखंडासारखा तांबडा दिसत नाही, आतल्या आत पापुद्रे सुटतात, वरून रंग झकास. तडा शोधायला रंगीत द्रव फासायचा, पुसून टाकायचा, मग वर पांढरी पावडर मारायची की केसाएवढ्या फटीत शिरलेला रंग रेघ होऊन वर येतो. ती पहिली लाल रेघ उमटताना बघितली की पोटात खड्डा पडतो, अनुभवानं सांगतो. पण त्यासाठी तिथपर्यंत हात पोचला पाहिजे, आणि पन्हाळी पत्र्याच्या आत रिव्हेट मारून बंद केलेल्या जागी तो सहजी पोचत नाही. १९३० च्या दशकात विमान काढताना कोणी ते ऐंशी वर्षं उडेल म्हणून तपासायच्या खिडक्या ठेवल्या नव्हत्या.

मेन्टेनन्सपासून सुरू झालेला अपघात हवा असेल तर अमेरिकेतला घ्या. २ ऑक्टोबर २०१९, कनेटिकटचा ब्रॅडली विमानतळ, दुसऱ्या महायुद्धातलं चार इंजिनांचं बी-१७ बॉम्बर, नाव नाइन-ओ-नाइन. (हे विमान १९५० च्या दशकात अणुस्फोटांच्या चाचण्यांत मुद्दाम उभं करून ठेवलेलं होतं, तीन स्फोट खाऊन टिकलं. विसरण्यासारखी गोष्ट नाही म्हणून सांगितली.) १३ जण आत, त्यातले १० पैसे भरून आलेले प्रवासी. टेकऑफनंतर लगेच चार नंबरच्या इंजिनाची ताकद गेली. परत फिरले, धावपट्टीच्या अलीकडंच दिव्यांच्या खांबांना धडकले, मग धावपट्टीवरून घसरत बर्फ वितळवायच्या द्रवाच्या टाकीला जाऊन आदळले. ७ मेले, त्यात दोन्ही पायलट.

नंतर इंजिन उघडलं. पिस्टन इंजिनात ठिणगी पाडायला मॅग्नेटो असतो, विमानात सेफ्टीसाठी एका इंजिनाला दोन. त्या इंजिनाचा एक मॅग्नेटो तारेनं केलेल्या जुगाडामुळं निकामी झालेला, आणि दुसरा नऊपैकी चार सिलिंडरना धड ठिणगी देत नव्हता. शेजारच्या तीन नंबरच्या इंजिनाचे स्पार्क प्लग झिजून फट वाढलेली. हे गूढ वगैरे काही नाही, प्लग काढून गेज घातला की कळतं, अर्ध्या तासाचं काम. पायलट ७५ वर्षांचा, बी-१७ वर त्याच्याइतके तास असलेली माणसं जगात क्वचित असतील, आणि मेन्टेनन्सचा प्रमुखही तोच होता! जो उडवणार तोच सही करणार. मला विचाराल तर जुगाडाच्या तारेइतकीच धोक्याची ही व्यवस्था. तपासात मुख्य कारण म्हणून पायलटची चूकच धरली आणि खराब मेन्टेनन्सला हातभार लावणारं कारण म्हटलं. चाकं लवकर खाली सोडली त्यामुळं हवेचा अडथळा वाढून वेग पडला, पण त्याला त्या पेचात मेन्टेनन्सनं घातलं.

तर एका केसमध्ये विमान खराब होतं पण पडलं दुसऱ्या कारणानं, आणि दुसऱ्या केसमध्ये खराबीनंच सुरुवात केली. वय दोन्हीकडं जवळपास सारखंच होतं.

प्रश्न : सरकारी खातं काय झोपलं होतं?

स्विस खात्याबद्दल विचारताय असं धरतो. झोपलं नव्हतं, कौतुकानं बघत होतं, ते जास्त वाईट. रिपोर्टनं नागरी विमान वाहतूक खात्याची देखरेख अपुरी होती असं लिहिलंय आणि पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठीच्या अटी पूर्ण होत नव्हत्या असंही. तिकडं मावशी म्हणजे देशाचा लाडका वारसा, चालवणारे हवाई दलातले मान्यवर, आता त्यांना कोण विचारणार की साहेब जरा लॉगबुक (विमानाची नोंदवही) दाखवा. आपला तो बाब्या. मार्च २०१९ मध्ये मात्र खात्यानं या विमानांतून व्यावसायिक प्रवासी वाहतूक बंद केली. अमेरिकेतही नाइन-ओ-नाइनच्या संस्थेची प्रवासी नेण्याची खास सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली.

प्रश्न : दोन जुनी विमानं एअर शोमध्ये हवेत धडकली त्याचा व्हिडिओ आला होता, ते हेच का?

नाही, ते डॅलस, १२ नोव्हेंबर २०२२. एक बी-१७ आणि एक किंगकोब्रा फायटर, सहा जण गेले. दोन्ही विमानं आपापल्या जागी ठीक होती, पण कोणी कुठल्या उंचीवर राहायचं हे आधी ठरवून दिलेलंच नव्हतं, "बघा नि टाळा" यावर सगळा भरोसा. फायटर तिरकं वळत असताना मोठं विमान त्याच्या नाकाखाली आणि पंखाआड लपलेलं, बघणार कसं? तो किंगकोब्रा ज्या उपप्रकाराचा होता तशी मुळात दोनच बनली होती. यावर कधीतरी वेगळं लिहीन.

प्रश्न : इतकी दुर्मिळ विमानं म्युझियममध्ये नीट ठेवायची सोडून उडवायचीच कशाला? माणसंही जातात आणि विमानही. (हा प्रश्न पाच-सहा जणांनी विचारलाय)

माझं मत एकाच बाजूचं नाही, त्यामुळं थोडं वेडंवाकडं उत्तर देतो.

मॉस्किटो नावाचं ब्रिटिश विमान होतं, लाकडाचं. खरंच लाकडाचं, बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलकं बाल्सा लाकूड डिंकानं चिकटवलेलं. साडेसात हजारांहून जास्त बनली, आणि १९९६ पर्यंत जगात उडणारं एकच उरलं. २१ जुलै १९९६ ला मँचेस्टरजवळ बार्टनच्या एअर शोमध्ये डाव्या इंजिनाची ताकद गेली, ताबा सुटला, आतले दोघेही गेले. झालं, लोक म्हणाले आता मॉस्किटो कधी हवेत दिसणार नाही. पण न्यूझीलंडमध्ये एका माणसानं सांगाड्याचे साचे नव्यानं बनवले, नवं लाकूड, नवा डिंक, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये मॉस्किटो परत उडालं. म्हणजे "विमान कायमचं गेलं" हे दरवेळी खरं नसतं. विमान पुन्हा बनवता येतं.

उडत्या विमानाची बाजू घ्यायची तर, उभं करून ठेवलेल्या इंजिनाचं ज्ञान हळूहळू मरतं. ते कसं चालू करायचं, गरम व्हायला किती वेळ द्यायचा, कुठल्या आवाजाला घाबरायचं, हे पुस्तकात नसतं. एक मेकॅनिक दुसऱ्याला शिकवतो, आणि शिकवायला इंजिन चालू लागतं. म्युझियममधलं विमान बघून मला कधी वास आला नाही. गरम तेलाचा, पेट्रोलचा, तो वास आल्याशिवाय ते यंत्र आहे हे पटत नाही. हा माझा हळवा कोपरा, मान्य.

पण उडवणं वेगळं आणि त्यात तिकीट काढून माणसं बसवणं वेगळं. आपल्या डोक्यात या दोन गोष्टींची कायम सरमिसळ होते. पायलट स्वतःची जोखीम जाणून घेतो, त्याला लॉगबुक वाचता येतं. सीट नंबर नऊवर बसलेल्या माणसाला वाचता येत नाही, तो समजतो की तिकीट विकतायत म्हणजे एअरलाइनसारखंच काहीतरी सेफ असणार. ब्रिटनमध्ये स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या फायटर विमानाच्या मागच्या सीटवर बसायचं असेल तर धोका आधी समजावून सांगतात आणि समजलं म्हणून सही घेतात. सहीनं विमान सेफ होत नाही, पण निदान हे साधं प्रवासी विमान नाही एवढं तरी डोक्यात शिरतं. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

आणि जे आत बसलेलेच नाहीत त्यांचं काय? २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमध्ये शोरहॅमच्या शोमध्ये १९५५ चं हंटर जेट लूप (हवेत मारलेली उभी गोल गिरकी) पूर्ण न होता खाली आलं ते विमानतळाबाहेरच्या रस्त्यावर. ११ लोक मेले. पायलट वाचला. त्या मेलेल्या अकरा जणांकडून कुठली सही घेणार होते?

प्रश्न : सरळ सांगा, उद्या कोणी जू-५२ मध्ये फुकट बसवलं तर तुम्ही बसाल का?

बसेन. सपाट प्रदेश, सकाळची थंड हवा, हजार मीटर उंची, आणि आधी तासभर मला टॉर्च घेऊन पंखाखाली लोळू दिलं पाहिजे. तेवढं मान्य नसेल तर खाली उभा राहून हात हलवीन.

आणि गुरुजी, मागच्या अंकातली ती ओळ मागे घेतली. संपादकांना सांगितलंय, वेबसाइटवरच्या लेखातून ती काढून तिथं "वेग कमी होता आणि दरी अरुंद होती" एवढंच टाका म्हणून.